पार्किन्सन्स मित्रमंडळ : पुण्यातली वाटचाल, नागभीडची गरज

मधुसूदन शेंडे यांना स्वतःला पार्किन्सन्स होता. शरच्चंद्र पटवर्धन यांच्या पत्नीला होता. पुण्यातल्या या दोघांनी घरातलं दुखणं घरात झाकून ठेवलं नाही. तसंच दुखणं असलेली आणखी घरं शोधायला ते बाहेर पडले आणि त्यातून ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ उभं राहिलं. एकाच्या गाठीला आजार भोगण्याचा अनुभव होता, दुसऱ्याच्या गाठीला आजारी माणसाला सांभाळण्याचा. मंडळाची सारी पुंजी तेवढीच. पण ती दोन्ही अंगांनी होती, आणि पुढच्या सगळ्या कामावर तिची छाप पडलेली दिसते. इथे औषधाच्या मात्रेबद्दल बोलणं होतं तितकंच न्हाणीघरातल्या निसरड्या फरशीबद्दलही होतं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडला राहतो. पुण्यातल्या त्या सभांना कधी गेलेलो नाही. मंडळ मला भेटलं ते मोबाईलवर, मोठ्या बाबांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं, दुखणं नाव मिळून घरात आलं त्यानंतर. म्हणून ही वाटचाल मी लांबून लिहितो आहे. लांबून एक गोष्ट मात्र नीट दिसते : पुण्यात मंडळाने जे भरून काढलं, ते आमच्याकडे अजून रिकामंच आहे.

रिकामं म्हणजे काय, ते आधी सांगतो. पार्किन्सन्स म्हणजे थरथर, अशी सर्वसाधारण समजूत. मोठ्या बाबांचा हात थरथरत नव्हताच. त्यांचा उजवा खांदा आखडला, चालताना तो हात हलेनासा झाला, आणि सही बारीक होत गेली. पैसे काढायच्या चिठ्ठीवर नाव ठसठशीत सुरू व्हायचं आणि आडनावापर्यंत येता येता मुंगीएवढं व्हायचं. सही जुळत नाही म्हणून चिठ्ठ्या परत येऊ लागल्या, तेव्हा सगळ्यांनी म्हाताऱ्याला चष्मा बदला म्हणून सांगितलं. खांद्यासाठी शेक झाला, मालिश झालं, इंजेक्शनं झाली. वास येत नाही, ही तक्रार तर ते कितीतरी आधीपासून करत होते. भाजीला फोडणी पडल्याचं त्यांना कळत नसे. अक्षर लहान होणं, वास जाणं, बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं आणि हातपाय झाडणं, चेहऱ्यावरचे भाव मावळणं, ही सगळी या आजाराची लक्षणं असू शकतात, आणि त्यांतली काही थरथरीच्या वर्षानुवर्षं आधी येतात. पार्किन्सन्स असलेल्या बऱ्याच जणांना सुरुवातीला थरथर होतही नाही. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. गावात या सगळ्याला एकच नाव होतं, लकवा.

शेवटी नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांनी मोठ्या बाबांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, मनगट हलवून पाहिलं आणि निदान सांगितलं. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. लक्षणं दिसू लागेपर्यंत त्यातल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. गोळ्यांनी आराम पडेल, आजार जाणार नाही. बाहेर रांग होती. परत येताना उमरेड गेलं, भिवापूर गेलं, आणि गाडीत कोणी बोललं नाही. हातात गोळ्यांची पिशवी होती आणि डोक्यात इतके प्रश्न होते की पहिला कुठला विचारायचा तेच कळत नव्हतं. गोळी जेवणाआधी की नंतर? हे किती वर्षं चालणार? पोरांना होईल का? उद्या सकाळी उठवताना धरायचं कसं?

डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांची संख्या पाहिली तर ते आणखी काय करणार? पण निदान आणि त्यानंतरचं आयुष्य यांच्यामध्ये जी जागा उरते, तिथे कोणीतरी उभं असावं लागतं, आणि ते ‘कोणीतरी’ त्या वाटेने आधी गेलेलं असावं लागतं. मित्रमंडळाची सगळी वाटचाल या एका जागेत झाली आहे.

मंडळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी रुळवलेले हे शब्द पुण्याच्या मंडळाने आपलेसे केले; पुढे मीही तेच वापरणार आहे.

काम सुरू झालं ते सगळ्यांत साध्या गोष्टीपासून, महिन्याच्या सभेपासून. कधी मेंदूतज्ज्ञ येतात, कधी फिजिओथेरपिस्ट, कधी आहारतज्ज्ञ, आणि कधी शुभार्थी-शुभंकर स्वतःच बोलतात. मला त्यातला हा शेवटचा प्रकार सगळ्यांत मोलाचा वाटतो. तज्ज्ञ सांगतो की लेव्होडोपा या औषधाची गोळी आणि प्रथिनांचं जेवण यांच्यात अंतर ठेवा, कारण दोघांनाही आतड्यातून आत जायला एकच वाट लागते आणि जेवण जड असलं तर गोळी मागे पडते. ते ऐकून माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. पण शेजारच्या खुर्चीतला माणूस सांगतो, की मी सकाळी उठल्याबरोबर आधी गोळी घेतो, अर्धा-पाऊण तास थांबतो, मग नाश्ता. डाळ आणि दूध रात्रीच्या जेवणात ढकललं आहे. तेव्हापासून दुपारी पाय अडकणं कमी झालं. दुसऱ्या दिवसापासून घरातलं वेळापत्रक बदलतं. ज्ञान तेच. पण ते कोणाच्या तोंडून आलं, याने फरक पडतो.

सभेला न येणाऱ्यांसाठी घरभेटी सुरू झाल्या. या आजारात हे पाऊल फार विचाराचं होतं. पार्किन्सन्सचा माणूस हळूहळू माणसांतून उठतो. चेहरा कोरा राहतो म्हणून लोकांना वाटतं, याला आपलं येणं आवडलं नाही. आवाज क्षीण होतो म्हणून फोन घेणं बंद होतं. चहाचा कप हिंदकळतो म्हणून लग्नाला जाणं बंद होतं. नैराश्य हे या आजारात मेंदूतल्या बदलांमुळेही येतं आणि या एकटेपणामुळेही. अशा माणसाला ‘सभेला या’ म्हणणारं पत्र पाठवून भागत नाही. त्याच्या घरी जावं लागतं, आणि जाणाऱ्याचा हातही थरथरत असेल तर अर्धं काम दारातच होतं. कप सांडला तर दोघांचाही सांडतो.

मग स्मरणिका आली, वर्षातून एक सहल आली, ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन्स दिनाचा मेळावा आला. मेळाव्यात शुभार्थींनी केलेल्या कलावस्तू, चित्रं मांडली जातात. सहलीचं ऐकून प्रथम मला आश्चर्य वाटलं होतं. ज्यांना घरातल्या घरात चालायला त्रास, त्यांना बसमध्ये घालून न्यायचं कशाला? आता तसं वाटत नाही. शुभंकराच्या आयुष्यातले सगळे दिवस एकसारखे असतात, आणि सहलीच्या दिवशी त्याच्या माणसावर नजर ठेवायला आणखी पन्नास डोळे असतात. तेवढा एक दिवस तो स्वतःचं जेवण गरम असताना जेवतो.

शोभना तीर्थळी यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. त्यांचे यजमान शुभार्थी. मंडळाच्या कामात त्या मनापासून रमल्या आणि या आजारासोबतचं जगणं त्या वर्षानुवर्षं मराठीत लिहीत राहिल्या. मराठीत, हे मी मुद्दाम सांगतो आहे. पार्किन्सन्सवर इंग्रजीत ढीगभर मजकूर आहे. पण रात्री कुशीवर वळता न येणाऱ्या माणसाला कसं वळवायचं, भास होऊ लागले तर घाबरून न जाता डॉक्टरांना काय सांगायचं, हे मराठी घरातल्या मराठी वाक्यांत वाचायला मिळणं वेगळं. माझ्या मोठ्या आईची, म्हणजे थोरल्या काकूची, शाळा चौथीपर्यंत झाली आहे. तिला ते वाचून दाखवलं तर ती मध्येच थांबवून म्हणते, “हे तं आपल्याच घरचं आहे.”

पुण्याच्या कामातला सगळ्यांत देखणा भाग नृत्याचा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ साली ओली वेस्टहायमर यांनी आपल्या पार्किन्सन्स गटासाठी मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेकडे शब्द टाकला आणि नर्तकांनी पार्किन्सन्सच्या माणसांना नृत्य शिकवायला सुरुवात केली. पुण्यात नर्तक हृषिकेश पवार यांनी तसा वर्ग सुरू केला आणि मंडळाचे शुभार्थी तिथे नाचू लागले. साठी-सत्तरीची माणसं, त्यांतल्या काहींनी जन्मात कधी पाय थिरकवला नसेल. यामागे शास्त्र आहे. आपण चालतो तेव्हा पुढचं पाऊल टाकण्याचा हुकूम मेंदूच्या आतल्या भागातून आपोआप सुटत असतो. पार्किन्सन्समध्ये नेमकी ही आपोआप चालणारी व्यवस्था ढासळते. भाताच्या रोवण्याच्या चिखलात पाय रुतावा तसा माणूस सपाट जमिनीवर थबकतो. पण बाहेरून ठेका मिळाला, टाळी वाजली, कोणी ‘एक-दोन’ म्हटलं, समोर ओलांडायला रेघ दिसली, की मेंदू दुसऱ्या वाटेने तो हुकूम पाठवतो आणि पाय सुटतो. नृत्यात ठेका आहे, डोळ्यांसमोर हालचाल आहे, तोल आहे, शेजारी माणूस आहे. आजार त्याने बरा होत नाही. पण एका तासापुरता माणूस आपल्या अंगाचा मालक होतो, आणि तो तास आठवडाभर त्याच्या बोलण्यात येत राहतो.

रेघेची युक्ती आमच्या घरात मोबाईलवरून पोचली. मोठे बाबा खोलीच्या उंबरठ्यावर अडकायचे. दारं आणि अरुंद जागा यांपाशी पार्किन्सन्सचे पाय बऱ्याचदा थबकतात. “पाय आयकत नाई, बाबू,” असं म्हणत ते चौकटीला धरून उभे राहायचे, आणि मागून कोणी ढकललं की तोल जायचा. मोठ्या आईने चुना कालवला आणि खाटेपासून न्हाणीपर्यंत पावलापावलावर आडवे पट्टे ओढले. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टा पाहिला, पाय उचलला, ओलांडला, दुसरा ओलांडला, आणि उंबरठा कधी मागे पडला हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. फिजिओथेरपीत ही युक्ती जुनी आहे. आता दर पंधरा दिवसांनी, पट्टे पुसट झाले की, मोठी आई ते पुन्हा ओढते. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, थांबू द्यायचं, मग ‘डावा उचला’ म्हणायचं, हेही ती आता येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवते.

करोनाच्या काळात सभागृहं बंद झाली तेव्हा मंडळाच्या सभा झूमवर आल्या. पुण्यासाठी ती अडचणीतून काढलेली वाट होती. पुण्याबाहेरच्या शुभार्थींसाठी मात्र त्यामुळे दार उघडलं. व्हॉट्सॲपच्या गटांमुळे आणि यूट्यूबवरच्या भाषणांमुळे ते उघडंच राहिलं. मुंबईत मात्र २००१ पासून काम करणाऱ्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने डॉ. मारिया बरेटो यांच्या नेतृत्वाखाली वेगळी पद्धत घेतली : प्रशिक्षित माणसं नेमून ठिकठिकाणी केंद्रं चालवायची, व्यायाम, बोलण्याचे सराव, समुपदेशन विनामूल्य द्यायचं. दोन्ही पद्धतींची गरज आहे. पण मला विचाराल तर लहान गावाला पुण्याची पद्धत अधिक जवळची, कारण तिला पगारी माणूस लागत नाही. तिला एक शुभार्थी, एक शुभंकर आणि बसायला थोडी जागा लागते.

आजारी माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनीच पुढे होऊन संस्था काढणं ही गोष्ट जगातही फार जुनी नाही. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली कंपवातावर, म्हणजे याच आजारावर, निबंध लिहिला तो सहा माणसांवरून, आणि त्यांतली तीन तर त्याने रस्त्यात पाहिलेली होती. त्यानंतर बराच काळ या आजाराबद्दल बोलत राहिले ते मुख्यतः डॉक्टर. १९६९ साली ब्रिटनमध्ये माली जेंकिन्स या बाईंनी आपल्या बहिणीच्या आजारामुळे रुग्णांची संस्था काढली. नेदरलँड्सचे फुलशेतकरी व्हान डेर वेरेल्ड यांना पार्किन्सन्स झाला. त्यांनी तयार केलेल्या लाल-पांढऱ्या ट्युलिपला त्यांनी डॉ. जेम्स पार्किन्सन यांचं नाव दिलं, आणि लाल ट्युलिप पुढे जगभरच्या पार्किन्सन्स संस्थांचं चिन्ह झालं. अमेरिकेतल्या मायकल जे. फॉक्स या नटाला एकोणतिसाव्या वर्षी, १९९१ मध्ये निदान झालं. सात वर्षं त्याने ते लपवलं, १९९८ मध्ये जाहीर केलं आणि २००० साली संशोधनासाठी प्रतिष्ठान काढलं. टॉम आयझॅक्स या इंग्रज तरुणाला तिशीच्या आत पार्किन्सन्स झाला, तर तो ब्रिटनच्या किनाऱ्याने साडेचार हजार मैल चालला, आणि २००५ मध्ये आणखी तीन शुभार्थींना घेऊन त्याने संशोधनासाठी न्यास उभा केला. यांतल्या काहींना पैसा आणि प्रसिद्धी यांची साथ होती, ती शेंडे-पटवर्धनांना नव्हती. तरी मूळ कृती एकच : माझं निदान मी लोकांसमोर ठेवतो, आता तुम्ही तुमचं सांगा.

आणि आमच्या मुलखाला हे नवीन वाटू नये. वरोऱ्याचं आनंदवन १९४९ पासून कुष्ठरोग्यांच्याही हातांनी उभं राहिलं. बाबा आमटे त्यांच्यात राहिले, पण विहिरी खणल्या, शेती केली, घरं बांधली ती त्या माणसांनीही. गडचिरोलीच्या शोधग्राम या आरोग्य-प्रकल्पाच्या डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि त्यांनी आपलाच आजार तपासून ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं. ते पुस्तक किती मराठी घरांत औषधाच्या डब्याशेजारी असतं ते मी पाहिलं आहे. त्याच शोधग्राममध्ये मेंदूतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी सहकाऱ्यांसह गडचिरोलीच्या ८६ गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा पक्षाघात हेच मृत्यूचं पहिलं कारण निघालं, सातांत एक मृत्यू त्याचा. तोवर ‘मेंदूचे आजार शहरातले’ अशी समजूत होती. पार्किन्सन्सची तशी गावागावातली मोजणी आमच्याकडे कोणी केली तर काय निघेल, याची मला उत्सुकता आहे आणि धास्तीही. शेतातल्या काही विषारी फवारण्यांशी, विशेषतः पॅराक्वाट या तणनाशकाशी, या आजाराचा संबंध जगभरच्या अभ्यासांत दिसला आहे, आणि फवारणीचे पंप आमच्याकडे आता घरोघरी आहेत.

मित्रमंडळाची एक गोष्ट मला विशेष आदराची वाटते. मंडळाने आजार बरा करण्याचं आश्वासन कधी दिलं नाही. ‘पार्किन्सन्ससह आनंदाने जगूया’ एवढंच ते म्हणत आले. बरा न होणारा आजार म्हटला की त्याच्याभोवती बरं करणाऱ्यांची गर्दी होते, आणि आमच्या जंगलात तर त्या गर्दीला आयती जडीबुटी मिळते. खाजकुहिलीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यानंतर आमच्या झाडीत तिच्या शेंगा लटकतात. लव अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो. तिच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, खरोखरच लेव्होडोपा असतो. भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच तो त्यात दाखवून दिला होता, लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं औषध ठरण्याच्या कितीतरी आधी. आयुर्वेदात कंपवातावर ती वापरली जाते ती उगाच नव्हे. पण ‘त्यात औषध आहे’ यावरून ‘पूड खा, गोळ्या सोडा’ इथपर्यंत येणारे लोक धोकादायक. शेंगेशेंगेत प्रमाण बदलतं. गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतो, तो औषध मेंदूपर्यंत पोचेस्तोवर वाटेत खर्च होऊ देत नाही. पुडीत तो नसतो. गोळी चालू असताना वरून पूड घेतली तर मात्रा जास्त होऊन अंग वेडंवाकडं हलू लागतं, रक्तदाब उतरतो, भास होतात. आणि गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेततं. ज्याला पूड घ्यायची असेल त्याने डॉक्टरांना सांगून घ्यावी. हे सांगायला गावात माहितगार शुभार्थी असेल तर वैदूचं दुकान तिथेच थांबतं.

उलट बाजूही आहे. चक्कर, अर्धशिशी, उलटी यांवर सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनारिझीन, फ्लूनारिझीन, मेटोक्लोप्रामाइडसारख्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात, आणि त्या गोळ्या बंद केल्यावर बहुतेकांची ओसरतात. म्हातारं माणूस अचानक मंद झालं तर आधी त्याची औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे उलटी करावी. ही एक गोष्ट आमच्या प्रत्येक आशाताईला माहीत झाली तर काही माणसं उगाच ‘लकवा’ म्हणून खाटेवर पडायची वाचतील.

पुण्याचं सगळंच इथे जसंच्या तसं चालणार नाही. पुण्याच्या सभेत तज्ज्ञ सांगतात, रोज पहाटे मोकळ्या हवेत भराभर चाला. सल्ला योग्यच. पण ब्रह्मपुरी आणि नागभीडच्या जंगलांत वाघ गावाच्या शिवारापर्यंत येतो, आणि ज्याला पळता येत नाही, ओरडायला आवाज नाही, त्याने पहाटे एकट्याने भाताच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालणं हा व्यायाम म्हणून सांगता येत नाही. आमच्या माणसाने अंगणात चालावं, ऊन वर आल्यावर, शाळेच्या पटांगणात, सोबतीने. धुरा अरुंद असतो, दोन्हीकडे चिखल असतो. तोल गेलेल्या माणसाला तिथून चालू देऊ नये हे घरच्यांना स्पष्ट सांगावं लागतं, कारण शेतकऱ्याला शेतावर जाऊ नको म्हणणं सोपं नसतं. मोठ्या बाबांना आम्ही रोवण्याच्या दिवसांत खुर्ची टाकून बांधीच्या कडेला सडकेवर बसवतो. तिथून त्यांची देखरेख चालू राहते, आणि बाया त्यांना मुद्दाम विचारतात, कोणत्या बांधीत आधी जायचं?

नृत्याचं म्हणाल तर ठेक्याची आमच्याकडे वाण नाही. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला दंडार, म्हणजे इथलं नाचगाण्याचं लोकनाट्य, ऐकलं की बसवत नाही. वडसा, नवरगावकडची नाटकं रात्ररात्र जागून पाहिलेली ही पिढी आहे. गोंडांच्या रेला नाचात तर हातात हात गुंफून, एका ठेक्यावर, एकाच वेळी पाऊल टाकायचं असतं. थबकणाऱ्या पायाला नेमकं हेच हवं. मोठे बाबा तरुणपणी दंडारीत होते. ढोलकी वाजली की त्यांची टाच अजून उचलते, चुन्याचा पट्टा नसताना. ब्रुकलिनला नर्तक शोधावे लागले. आमच्याकडे प्रत्येक गावात ढोलकीवाला आहे, त्याला फक्त कोणी बोलावलेलं नाही.

औषधाचंही बोललं पाहिजे. लेव्होडोपा-कार्बिडोपा आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, पण तालुक्याच्या दुकानात ते रोज असेलच असं नसतं, आणि या गोळीची वेळ चुकून चालत नाही. दोन दिवस गोळी नसली तर चालता-बोलता माणूस लाकूड होतो. चार घरं एकमेकांना ओळखत असतील तर एकाची पट्टी संपली तेव्हा दुसरा त्याच औषधाची, त्याच मात्रेची पट्टी उसनी देऊ शकतो, आणि दुकानदारालाही कळतं की इतक्या घरांना हे लागतं, मागवून ठेवलं पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये पार्किन्सन्सचं नाव आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं, कागद जमवावे लागतात. ज्याने एकदा ते केलं त्याने दुसऱ्याचा हात धरला तर दोन फेऱ्या वाचतात. नागभीडहून चंद्रपूर आणि नागपूर दोन्हीकडे शंभरेक किलोमीटर. नागपूरची नॅरोगेज २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, आणि अडकणाऱ्या पायांनी एसटीची उंच पायरी चढणं काय असतं ते शुभंकरालाच विचारावं. इथे फेरी वाचणं म्हणजे एक दिवस, एक मजुरी आणि दोन माणसांचं अंग वाचणं.

म्हणून मोठ्या बाबांशी बोलून आम्ही ठरवलं आहे की नागभीडला सभा घ्यायची. नाव मोठं ठेवायचं नाही, नोंदणीची घाई करायची नाही. मोठे बाबा शुभार्थी, मोठी आई शुभंकर. पुण्यातही सुरुवात याहून मोठी नव्हती. तळोधीहून एक गृहस्थ येतो म्हणाले आहेत, ब्रह्मपुरीकडचं एक जोडपं विचार करतं आहे. आशाताईंना सांगितलं आहे की बारीक अक्षर, न हलणारा हात आणि कोरा चेहरा दिसला तर घर सांगा, बाकीचं आम्ही पाहू. जागा तळमजल्यावरची हवी, उंबरठा नसलेली. खुर्च्या हातांच्या हव्यात, कारण सतरंजीवरून शुभार्थींना उठता येत नाही. पेल्यांत पाणी अर्धंच भरायचं. ढोलकीवाल्याला सांगून ठेवलं आहे. दिवस आठवडी बाजाराचा धरला आहे, त्या दिवशी गावाकडून वाहनं येतात. वेळ सकाळी अकराची : तोवर सकाळची गोळी लागू पडलेली असते, आणि लांबच्यांना दिवसाउजेडी घरी पोचता येतं.